जोसेटचा दगड

लेस्टेर, कॅरियाकू
१२ फेब्रुवारी १९८९

व्हर्ना बाळ,

तुझ्या आईचा हात तुझ्या गालावर. टोरोंटोत बर्फ साचलाय असं तू लिहिलंस, म्हणून हात आधी चुलीपाशी शेकून घेतला आहे असं समज.

इथे सगळं ठीक आहे. टाकीत पाणी आहे. मका उतरवून झाला, तुरीच्या शेंगा संपत आल्या, आणि शेरडं मोकळी सोडली आहेत. त्यामुळे माझे आणि झेलियाचे भांडणाचे दिवस सुरू झाले. परवा तिच्या बकरीने माझ्या उशीचा अभ्रा दोरीवरून ओढून खाल्ला. मी कुंपणापाशी जाऊन ओरडले तर म्हणते, "अगं युफे, तुमच्या घरात सगळ्या पुस्तकं खाणाऱ्या. माझ्या बकरीने एक अभ्रा खाल्ला तर एवढं काय?" मग संध्याकाळी स्वतःच जुन्या परकराचा अभ्रा शिवून घेऊन आली. कापड निळं आहे, फुलं लाल आहेत. डोकं ठेवलं की झोप उडते.

तू पाठवलेलं पुस्तक वाचून झालं. मुखपृष्ठावर तुझं नाव बोट फिरवून पाहिलं. वाचायला वेळ लागला, कारण मला एकेक वाक्य दोनदा वाचावं लागतं, आणि काही शब्द शब्दकोशातही सापडले नाहीत. तुला माहीतच आहे मी कशी शिकले ते. तू पायरीवर बसून मोठ्याने धडा म्हणायचीस आणि मी उखळात मका कांडायचे. तू 'क' म्हटलंस की मी मान वळवून पुस्तकाकडे बघायचे. असं करत तुझी पहिली दोन पुस्तकं संपली तोवर मलाही वाचता येऊ लागलं. तुझे बाबा बोटीवरून परत आले तेव्हा मी त्यांना पिठाच्या पोत्यावरची अक्षरं वाचून दाखवली. ते म्हणाले, "आता या घरात माझी काही खैर नाही." ते गेल्यावर वाचन हीच माझी सोबत झाली.

पुस्तकातला तो भाग मला फार आवडला. मूल सात-आठ महिन्यांचं झालं की त्याच्यासमोर एखादी वस्तू फडक्याखाली झाकावी. ते फडकं ओढून वस्तू शोधतं, कारण आता त्याला कळलेलं असतं की दिसेनाशी झालेली गोष्ट नाहीशी झालेली नसते. मी हे तुम्हा दोघींबरोबर केलंय. अभ्यास म्हणून नाही, कांडताना तुम्ही रडू नये म्हणून. चमचा करवंटीखाली लपवायचे. तू माझा हात बाजूला व्हायच्या आत करवंटी उलटी करायचीस. चमचा तोंडात घालायचीस आणि मग करवंटीही घालायचीस.

जोसेट करवंटीला हातच लावायची नाही. ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी हसत असले की हसायची. पण तुझ्या बाबांशी माझं वाजलेलं असलं आणि मी वरवर हसत असले, तर हसायची नाही. नुसती बघत राहायची, आणि मग मलाच रडू यायचं. तिला चमचा नको होता. आईने चमचा का लपवला, आईचं काय बिनसलंय, ते तिला हवं होतं. पुस्तकात अशा मुलाबद्दल काही आहे का ते मी शोधलं. असेलही; शेवटची प्रकरणं मला नीट कळली नाहीत.

तुझं काम मी हलकं समजते असं मनात आणू नकोस. त्या मुलीची हकीकत आहे ना, जिला घरचे मतिमंद म्हणायचे आणि तू तपासल्यावर कळलं की तिला ऐकूच येत नाही. तिला यंत्र मिळालं आणि तिने पहिल्यांदा कुत्र्याचं भुंकणं ऐकलं. त्या पानावर माझ्या चष्म्यावर पाणी पडलं. तुझ्यासारखं कुणी नसतं तर ती पोर आयुष्यभर कोपऱ्यात बसली असती.

तू विचारलंस की आपल्या जोसेटच्या टिटीनला तुझ्याकडे कधी पाठवते. प्रश्न मी वाचला आहे. वाचून घडी घालून ठेवला आहे. तू लिहितेस, येत्या मेमध्ये ती पाच वर्षांची होईल. ऑगस्टमध्ये तू आलीस तेव्हा तू केलेल्या चाचणीत ती खूप मागे पडली. या वयात मेंदू वेगाने वाढत असतो आणि गेलेला वेळ परत मिळत नाही. इथे तिच्यासाठी काही नाही. तिचा बाप तेलाच्या जहाजावर गेला तो गेला, आणि आई नाही. मी आहे, पण मी अडुसष्ट वर्षांची आहे. हे सगळं खरं आहे. त्याकडे येते.

आधी दगडाचं सांगते.

जानेवारीत जोसेट माझ्या स्वप्नात आली. दारात उभी होती. म्हटलं, आत ये. आली नाही. म्हणाली, "आई, उभं राहून पाय दुखले गं." एवढंच. सकाळी मी तुझ्या बर्टीलकाकांकडे गेले. तुझ्या बाबांचा भाऊ म्हणून हे विचारायचं त्यांनाच. ते होडीला डांबर लावत होते. ऐकून त्यांनी कुंचला खाली ठेवला. म्हणाले, "वहिनी, ती बसायला जागा मागतेय. सव्वा वर्ष झालं तिला जाऊन. आता थडग्यावर दगड बसवायला हवा." मी म्हटलं, व्हर्ना आल्याशिवाय नाही. ते म्हणाले, "मग तिला लिही. ईस्टरनंतरचा दुसरा शनिवार. बोकड मी बघतो, ढोलवाल्यांना मी सांगतो. तू फक्त तुझ्या मोठीला आण."

तुझ्या बाबांचा दगड बसवला तेव्हा तू कॉलेजात होतीस, तुला येता आलं नव्हतं. तू विसरली असशील म्हणून लिहिते: दगड बसेपर्यंत गेलेलं माणूस धड गेलेलं नसतं, आणि दगडाला सगळ्या सख्ख्यांचे हात लागावे लागतात. जोसेटचं सख्खं म्हणजे मी, तू आणि टिटीन. एवढेच हात आहेत.

स्वप्न पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी ताट मांडलं. आतल्या खोलीतल्या टेबलावर पांढरं कापड घातलं. मक्याच्या पिठाचं शिजवलेलं कुकू, तुरीची उसळ, उकडलेला मासा, सगळं बिनमिठाचं, आणि एक पेला पाणी. टिटीन दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे, एका मुठीत दुसरी मूठ धरलेली. कुणी न सांगता. मी म्हटलं, "शहाणी गं माझी. आईच्या ताटाला हात लावायचा नसतो, लक्षात आहे ना?"

तिने मान हलवली. ती कमी बोलते, तू पाहिलंस. मग म्हणाली, "आजी, मावशीने आणलेली खेळणी पण आईने घेतली का?"

मला काहीच कळेना. म्हटलं, कुठली खेळणी? तर म्हणते, "ठोकळे. आणि घोड्याचं चित्र. मावशीने आईसाठी मांडले होते ना इथे? पांढऱ्यावर. मावशी म्हणत होती, घे, घे. पण मी नाही हात लावला. आईचे होते."

व्हर्ना, मी तिथेच पलंगावर बसले.

तू आलीस त्या रविवारी मी जोसेटचं ताट मांडलं होतं, तिची बहीण इतक्या लांबून घरी आली म्हणून. टिटीनला बजावलं होतं की या पांढऱ्या कापडावरचं सगळं आईचं, त्याला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी ताट उचललं पण कापड तसंच राहिलं होतं. तू म्हणालीस, आई, मला शांत खोली हवी, कुणी आत येऊ नका. दार लावून घेतलंस. मी अंगणात शेंगा सोलत बसले. तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरलेला होता. म्हणालीस, "तिने एका वस्तूलाही हात लावला नाही, आई. नुसती हात मागे बांधून उभी." मला वाटलं, पोर नव्या माणसाला बुजली.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. कापड मी काढायला हवं होतं असंही म्हणता येईल. मी तसं म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. पण तू या घरात वाढलीस. तुझ्या आजीच्या ताटावरचा केळ्याचा तुकडा उचललास म्हणून याच टेबलापाशी मार खाल्ला होतास. आणि त्या दिवशी पांढरं कापड तुला फक्त पांढरं कापड दिसलं. तू किती लांब गेली आहेस ते मला विमानतळावर कधी कळलं नाही, ते आत्ता कळलं.

सहा महिने त्या पोरीने मनात धरलं होतं की मावशी इतक्या लांबून तिच्या आईसाठी खेळणी घेऊन आली.

चाचणी चुकली म्हणून टिटीन हुशार आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. झेलियाची नात तिच्याएवढीच, ती अख्खी प्रार्थना म्हणते आणि मध्येच शिव्याही देते. टिटीन दिवसाला चार शब्द बोलते. काळजी मलाही आहे.

ये. ईस्टरनंतरचा दुसरा शनिवार. बाकीचं तू आल्यावर बोलू.

झेलिया कुंपणावरून विचारतेय, "पुन्हा पत्र? टोरोंटोत कागदाचा दुष्काळ पडलाय का?" तिचाही नमस्कार घे.

तुझी वाट बघणारी,
आई


लेस्टेर
९ मार्च १९८९

व्हर्ना,

तुझं पाकीट कालच्या बोटीने आलं. आत पत्र एका पानाचं आणि टिटीनचं विमानाचं तिकीट. ईस्टरनंतर बर्टीलकाकांची लॉरिस टोरोंटोला परतते आहे, तिच्याबरोबर टिटीनला पाठवावी. चाचणी तिथे नीट जागेत पुन्हा करता येईल. तुला मात्र रजा मिळत नाही, दगडाला येता येणार नाही, जूनमध्ये बघू.

खेळण्यांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. 'ते वाचलं आणि त्या दिवशी मी काम सोडून घरी आले.' ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. बाकीच्या पानापेक्षा तेवढ्याच ओळीत मला माझी मुलगी भेटली.

आणि शेवटी लिहिलंस, 'आई, तू माझ्यावर रागावली आहेस. कशासाठी ते स्पष्ट का सांगत नाहीस?'

सांगते. पण आधी दगड आला ते सांगू दे, मग माझा हात चालेल.

सोमवारी तो गलबतातून आला. चार माणसांनी किनाऱ्यावरून उचलून आणला. रीतीप्रमाणे घरात घेतला, जोसेटच्या पलंगावर निजवला, वर चादर घातली. बर्टीलकाकांनी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, रम शिंपडली. त्यांनी तिचं नाव घेतलं आणि पुढे काही बोलता येईना. सगळे दगडाकडे बघत होते. टिटीन तेवढी काकांकडे बघत होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि आपल्या पितळी पेल्यात पाणी घेऊन आली, निम्मं सांडत. त्यांच्या हातात दिलं आणि तो हात सोडला नाही, तसाच धरून उभी राहिली.

काका पाणी प्यायले. म्हणाले, "हिला कुणी सांगितलं मला तहान लागलीये?"

झेलिया म्हणाली, "तुझ्या थोबाडाने. ते रम मागत होतं, पण पोरीला बाटलीपर्यंत हात पुरला नाही." सगळे हसले. काकाही हसले, आणि मग त्यांना पुढचं बोलता आलं.

आता सांगते.

जोसेट गेली त्या दिवशी मी दुकानातून तुला फोन केला. दुकानात माणसं होती. सगळी गप्प होती, कारण त्यांना माहीत होतं मी काय सांगणार आहे. मी तुला सांगितलं की दक्षिणेकडच्या टाक्यांचं पाणी नासलं, तापाची साथ आली, आजाऱ्यांना शाळेच्या इमारतीत ठेवलं होतं, जोसेट तिथे जाऊन त्यांच्यापाशी बसायची, तिलाही ताप आला.  तू ओरडलीस, "तिला एवढीसुद्धा अक्कल नव्हती का, आई?"

फोनमधून ते अख्ख्या दुकानाला ऐकू गेलं. मग लाईन तुटली.

तू ते दुःखाने म्हणालीस हे मला तेव्हाही कळत होतं. तुझ्या तोंडून दुसरं काही निघणं शक्य नव्हतं. पण व्हर्ना, पुढे दफनाच्या दिवशी मी तेच वाक्य दोन बायकांच्या तोंडून ऐकलं, हळू आवाजात, माझ्या पाठीमागे. जन्मभर जे तिला ऐकावं लागलं, तेच ऐकत ती मातीत गेली. आणि तू, जिचं कामच अक्कल म्हणजे काय ते शोधणं, तूही तेच म्हणालीस. म्हणून मी रागावले आहे. रागावले आहे असं नाही; दुखतंय.

तू अकरा वर्षांची होतीस आणि मोठ्या शाळेत जायची परीक्षा होती. तुला काय आठवतं? तुला आठवत असेल की रविवारची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर चर्चच्या पायरीवरून मास्तरांनी नावं वाचली आणि तुझं नाव पहिलं होतं. मला त्याच्या आधीचे महिने आठवतात. तुला झोप लागायची नाही. डोळे मिटलेस की गणितं दिसतात म्हणायचीस. जोसेट आठ वर्षांची होती. ती तुझ्या पाठीवर हात ठेवून पडायची आणि तुझ्या श्वासाबरोबर आपला श्वास चालवायची. आधी तुझ्यासारखा भरभर, मग हळूहळू सावकाश, आणि तू तिच्यामागे सावकाश व्हायचीस. हे तिला मी शिकवलं नव्हतं. परीक्षेच्या सकाळी तू कुंपणापाशी ओकलीस आणि म्हणालीस, मी जात नाही. मी रागावले, बाबा रागावले. जोसेट म्हणाली, "ताई, चल, मी येते दारापर्यंत." वाटभर तिने मास्तरांच्या चालण्याची नक्कल केली. तू हसत आत गेलीस. मी मागून चालत होते म्हणून मला माहीत आहे.

तुझ्या पुस्तकात आहे की मुलाची बुद्धी एकटी वाढत नाही, कुणीतरी समोर लागतं, जो बघतो, उत्तर देतो, धीर देतो. ते वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलंय, पुस्तक खराब केल्याबद्दल माफ कर. तुझ्यासमोर कोण होतं, बाळ? मी तर मका कांडत होते.

तीन वर्षांनी ती त्याच परीक्षेला बसली. अक्षरं तिच्यासाठी कधी एका जागी बसलीच नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आम्ही पायरीसमोर उभे राहिलो, कारण उभं राहावंच लागतं. नावं संपली. तिचं आलं नाही. तिच्याशेजारी मोझेल नावाची मुलगी होती, तिचंही आलं नाही, ती हमसून रडायला लागली. मी जोसेटला जवळ घेतलं तर ती माझा हात सोडवून म्हणाली, "आई, मी जरा मोझेलबरोबर तिच्या घरी जाते. तिला घरी मारतात. मी पाहुणी असले तर तिचा बाप आज नाही मारणार." ती दिवसभर तिथे बसली. त्यांची भांडी घासली. बाप निजल्यावर घरी आली.

त्याच दिवशी सकाळी तिला ढ ठरवलं होतं.

मी तिला फार शहाणी ठरवत नाहीये. तिला बाजारातला हिशेब जमायचा नाही. पत्ता सांगितला की उलट्या वाटेने जायची. तू जे करतेस ते तिला सात जन्मांत जमलं नसतं, आणि तू आहेस म्हणून त्या बहिऱ्या मुलीला कुत्रं ऐकू आलं. पण या बेटावर तान्ही मुलं कुणाच्या कडेवर गप्प व्हायची? म्हातारा सिप्रियन मरताना स्वतःच्या मुलांना बाहेर काढून कुणाला आत बोलावत होता? आम्ही या गोष्टीला नाव ठेवलं नाही, म्हणून ती नव्हतीच असं झालं. पायरीवरून ते कुणी कधी वाचलं नाही.

शाळेच्या इमारतीत बाहेरून आलेली एकच नर्स होती. औषध आणि पाणी ती द्यायची, पण बसायला तिला वेळ नव्हता. घरचे खिडकीतून बघायचे. आत जायला सगळे घाबरायचे, मीही. जोसेट निघाली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, तुला पोर आहे. ती म्हणाली, "म्हणून तर टिटीनला तुझ्याकडे ठेवते, आई. तिथली माणसं तापाने नाही गं, भीतीने मरताहेत. आणि भीतीचं मला कळतं." तिने माझा हात धरला आणि हळूच बाजूला केला. धोका तिला कळत नव्हता असं नाही. तिला तो माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

तू विचारलंस, तिला अक्कल नव्हती का. होती, व्हर्ना. तिच्याकडे होती तीच घेऊन ती गेली. मला दुकानात हे म्हणायचं होतं आणि लाईन तुटली.

आता टिटीन.

तिकीट मी फाडलेलं नाही, कपाटात ठेवलं आहे. पण लॉरिसबरोबर ती येणार नाही. कुणाच्या हाती देऊन मी तिला सामानासारखी धाडणार नाही. तू ये. त्या शनिवारी जमत नसेल तर दगड पलंगावर थांबेल. बर्टीलकाका ओरडतील, ढोलवाले कुरकुर करतील, झेलिया म्हणेल तुमच्या घरचं सगळंच उशिरा. म्हणू दे. पण त्या दगडाला तुझा हात लागल्याशिवाय मी तो बाहेर काढू देणार नाही.

आलीस की काही दिवस राहा. ठोकळे आणू नकोस. आणायचेच असले तर जमिनीवर टाक आणि तिच्याबरोबर बसून तूच खेळ. टिटीनला मी जा म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही. तुझ्याबरोबर जाणं तिने आपण होऊन पत्करलं तर घेऊन जा. तिथे तिला कुणी बोलायला शिकवलं तर मला आनंदच आहे. मी किती दिवस पुरणार? फक्त ती जे न बोलता करते त्याची जागा तुझ्या चाचणीच्या तक्त्यात नसली, तर तक्ता मोठा कर. ते तुला जमेल. तू हुशार आहेस, हे मी नेहमीच म्हटलं आहे.

जे लिहायचं नव्हतं ते शेवटी राहिलं आहे.

ती तुझ्याबरोबर येईल. मला आत्ताच माहीत आहे. ज्याचं दुखत असतं त्याच्याकडे ती जाते, आणि तुझं किती दुखतंय ते तुझ्या त्या एका ओळीवरून मला कळलं. तिकडे तू ते कोटाखाली झाकून कामाला जात असशील. इथे तिच्यासमोर ते झाकून राहणार नाही. तू बोटीवरून उतरशील, ती तुझ्याकडे बघेल, आणि मला सोडून तुझ्याजवळ जाऊन उभी राहील. माझ्यापाशी मग रिकामं घर आणि झेलियाची बकरी.

जोसेटला मी दारात अडवलं होतं. टिटीनला अडवणार नाही. ती निघेल त्या दिवशी मी आपण होऊन दारातून बाजूला होईन.

ये बाळ.

अजूनही दोन मुलींची आई,
युफेमिया